अप्पांचा कॅटलन मुसव्विर

माझं लग्न माझ्या इंग्रजीमुळे ठरलं, हे मला लग्नानंतर कळलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींत माझे सासरे, म्हणजे अप्पा, सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसले होते. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे बाकीच्यांचं विचारून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न टाकला. "इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत सांगता येतं का?" मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं. वडील नांदेडला शाळामास्तर, घरात पुस्तकांचा तोटा नव्हता आणि मला त्याचा ताठाही होता. "येतं की," मी म्हटलं. अप्पा उठून उभे राहिले आणि माझ्या वडलांना म्हणाले, "आमच्याकडून पक्कं." देण्याघेण्याची बोलणी अजून व्हायची होती. सासूबाईंनी पदराआडून कपाळावर हात मारलेला मी बघितला.

सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे. त्यांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळे रागावल्या की कानडीत रागवायच्या.

लातूरचं आमचं घर बाजाराला लागून होतं. खाली अडत दुकान, वर माडीवर आम्ही. शेतकऱ्यानं माल आणायचा, व्यापाऱ्यानं घ्यायचा आणि मधल्यानं सौदा जमवायचा, त्यातले आम्ही मधले. कारभार अप्पांचे थोरले भाऊ बघत. अप्पांकडे पोत्यांवर मार्का घालायचं काम होतं. पत्र्याचा साचा पोत्यावर धरायचा आणि काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा. हे काम कुठल्याही हमालानं केलं असतं. पण दुसरं काहीही सोपवलं की अप्पा त्याचा बट्ट्याबोळ करत. तुरीचा सौदा चालू असला की हे मूठभर तूर उन्हात धरून तिचा रंग बघत बसायचे, आणि समोरचा व्यापारी समजायचा की मालात खोट आहे.

तरुणपणी ते हैदराबादला चित्रकला शिकायला गेले होते. वडील वारले तसं घरच्यांनी परत बोलावलं आणि गादीवर बसवलं. येताना तिथल्या फुटपाथवरून त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं. कव्हर गेलेलं, पानं पिवळी पडलेली, पण आत चित्रंच चित्रं. कुणा कॅटलन चित्रकाराचं चरित्र होतं ते. अप्पांचं शिक्षण निजामाच्या अमलातलं, उर्दू शाळेतलं. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता यायची, त्यापुढे गाडी जायची नाही. चित्रकाराला ते आयुष्यभर मुसव्विर म्हणत आले आणि चित्राला तसवीर. घरात त्या परदेशी माणसाला सगळे 'अप्पांचा मुसव्विर' म्हणायचे, जसं एखाद्याच्या घरी 'दादांचा मारवाडी' किंवा 'काकांचा वैद्य' म्हणतात.

दुपारची जेवणं झाली की खाली दुकानात डुलक्या सुरू व्हायच्या. मग अप्पा पुस्तक काखेत मारून माडीवर यायचे. मी डोक्यावर पदर घेऊन दाराशी, अव्वा ज्वारी निवडत मधे, आणि अप्पा खिडकीपाशी. मी एक एक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. नुसती चित्रं बघून बघून अप्पांनी त्या माणसाचं चरित्र स्वतःच रचून ठेवलं होतं. शेताची चित्रं पुष्कळ, म्हणून तो शेतकऱ्याचा मुलगा. एका बाईचा चेहरा सारखा येतो, म्हणून ती त्याची वारलेली बायको. पुस्तकात निघालं की बाप सुताचा व्यापारी होता, आणि ती बाई गल्लीत धुणी धुणारी. बायको त्यानं कधी केलीच नव्हती.

"पुस्तक चुकतंय," अप्पा म्हणाले. "लिवणाऱ्याला काय ठाव? त्यो होता का तिथं?"

"मग तुमी होता व्हय?" अव्वा ज्वारीतून मान वर न करता म्हणाल्या.

अप्पा दोन दिवस पुस्तक घेऊन आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हळूच विचारत, "बापाचं दुकान होतं म्हन्लीस न्हवं? ह्यालाबी बसवलं होतं का दुकानात?" मी पुढचं वाचलं. बसवलं होतं. चांगली काही वर्षं बसवलं होतं आणि तो सुताच्या गुंड्यांची चित्रं काढत बसे म्हणून बापाच्या शिव्या खाई. अप्पांचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. "सूत तोलून इकायचे का मापून?" त्यांनी विचारलं. पुस्तकात तेवढं दिलेलं नव्हतं. अप्पांना लेखकाची ही मोठीच हयगय वाटली.

त्या दिवसापासून तो माणूस आमच्या घरचा झाला. मी अप्पांना इतकं रंगून ऐकताना बघितलं की मलाही वाचायची ओढ लागली. तो बापाशी भांडून पॅरिसला गेला. तिथल्या थंडीत एका खोलीत तिघं मिळून राहिले. पहिल्या प्रदर्शनात लोक चित्रांसमोर उभं राहून हसले. मी हे सांगत असताना अप्पा पंच्यानं मान पुसायचे, जणू ते हसणं इथपर्यंत ऐकू येतंय.

"आन् त्यो स्पेनचाच ना?" एकदा त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की स्पेनमध्ये असूनही त्यांचा मुलूख वेगळा, कॅटलोनिया नावाचा. भाषाही वेगळी. राजधानीतले लोक त्या भाषेला गावठी म्हणून नाक मुरडायचे. हा मात्र पॅरिसला राहूनही आपलं नाव आपल्याच भाषेतल्या वळणानं लिहायचा.

"म्हंजे त्यालाबी पुन्याचा जाच होता म्हन की," अप्पा म्हणाले.

मी स्वतः त्या वेळी 'हाय'ला 'आहे' म्हणायचा आटापिटा करणारी सून. मी पान उलटलं. अव्वा मात्र पहिल्यांदाच त्या मुसव्विरावर खूष झाल्या. "शाना दिसतोय," म्हणाल्या.

तो पॅरिसमध्ये नाव होऊ लागलं तेव्हाच परत फिरला, हे अप्पांना सर्वांत आवडलं. आपल्या कोरड्या मुलखात आला, आटलेल्या नद्या आणि शेंगांची झाडं रंगवू लागला. झाड कसलं हे विचारू नका, मला तो शब्द मराठीत सापडला नव्हता. अप्पांनी ती बाभळ ठरवून टाकली. लढाईच्या दिवसांत चित्राचं कापड मिळेना, तेव्हा तो गोणपाटावर चित्रं काढायला लागला.

"काय म्हन्लीस? परत वाच."

मी परत वाचलं.

"गोनपाट म्हंजे बारदाना!" अप्पा ताडकन उठले. जिना उतरले, खालून एक रिकामं पोतं घेऊन आले आणि ते माझ्यासमोर असं पसरलं, जणू मी साडीच्या दुकानात बसलेय. तोवर ते कागदावर काढत, जुन्या हिशेबाच्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर. त्या दिवसापासून पोतं आलं. मार्क्याची काळी शाई, गेरू, नीळ, चुना, आणि हे धरून ठेवायला डिंक. अव्वांनी दाभण घेऊन पोती उसवायची आणि हवी तशी जोडायची. तोंडानं कानडीत शिव्या चालू असायच्या आणि टाके एका ओळीत पडायचे. पोत्यावरचा जुना मार्का अप्पा कधी खोडत नसत. चित्रातल्या आभाळात कुठंतरी आमच्या दुकानाचं अक्षर उलटं लटकत असायचं.

मला ती चित्रं सुरुवातीला कळायची नाहीत. पण हळूहळू त्यांची सवय झाली आणि मग त्यांच्याशिवाय भिंत रिकामी वाटू लागली. कळणं म्हणजे याहून वेगळं काय असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक प्रकरण होतं. त्याच्या जन्मगावानं त्याचं एक चित्र घेऊन नगरपालिकेत टांगलं. सभासदांनी कुरकुर केली, हे काय म्हणून. शेवटी ते काढून अडगळीत ठेवलं. त्याची चित्रं जगभर गेली, पण तो जिवंत असेपर्यंत त्याच्या गावच्या भिंतीवर ते परत चढलं नाही. मी पुस्तक मिटलं.

"पिकतं तिथं विकत न्हाई," अव्वा म्हणाल्या. अडत्याच्या घरात ही म्हण रोजचीच.

"इकायचं कुनाला हाय?" अप्पा म्हणाले. "टांगायचं हाय. माझी येक तरी तसवीर आपल्या लोकांच्या भिंतीवर चढावी. आन् कुनीतरी तिच्याम्होरं उभं ऱ्हाऊन दोन सवाल करावे. लई न्हाई मागत मी." आवाज साधाच होता, पण मी त्यांना काही मागताना तेव्हा प्रथमच ऐकलं.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. बाजारात माल येईना. पोती नाहीत तर मार्का कशावर घालायचा? दुकानात माश्या मारणंही संपलं, कारण माश्याही दिसेनात. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला अव्वा हात लावताना नाक वाकडं करायच्या आणि तरी थापायच्या. बाहेर सगळीकडे दुष्काळी कामं चालू होती. थोरले सासरे अप्पांना म्हणाले, "आता तुझ्या रंगाचा उपयोग बघ कुठं होतो का. सरकारी पाट्या रंगवायची कामं निघालीत."

अप्पांनी मला अर्ज लिहायला बसवलं. मी सरळ 'चित्रकार' लिहिणार होते. ते म्हणाले, "नुस्तं न्हाई. लिव, कॅटलन पद्धतीचा चित्रकार."

"तिथं कुणाला कळणार आहे अप्पा?"

"न कळंना. खरं तेच लिवायचं."

तहसीलमध्ये आम्ही दोघं गेलो. माझे यजमान शाळेत नोकरीला, त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून बरोबर मी. अव्वल कारकुनानं अर्ज चष्म्याजवळ धरला. त्या दिवसांत जनावरांच्या छावणीला कचेरीत सगळे कॅटल कॅम्प म्हणत. कारकुनाच्या टेबलावर त्याच कामाचा ढीग पडलेला. त्यानं अर्जातला तो शब्द बोटानं दाबला आणि मान डोलावली.

"कॅटल पद्धतीचा. बरं झालं. जनावरं येतात का काढता?"

"येतात की," अप्पा म्हणाले.

"मग उद्यापासून कॅटल कॅम्पवर हजर व्हा. शिंगांवर आकडे घालायचेत. एकमेकांची बदलून चाललीत, रोज मारामाऱ्या."

मी खुलासा करायला तोंड उघडलं तर अप्पांनी माझ्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर मी हसत सुटले. अप्पाही हसले, इतके की कचेरीच्या पायरीवर बसावं लागलं. "माझ्या मुसव्विराला सरकारनं बैलांचा डाक्टर केला," म्हणाले. घरी ही गोष्ट कळल्यावर अव्वा आठवडाभर पाहुण्यांना सांगत होत्या.

छावणी गावाबाहेर माळावर होती. अप्पा सकाळी सायकलवर रंगाचा डबा अडकवून जायचे आणि ऊन उतरल्यावर यायचे. थोरल्यांना वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. पण तसं झालं नाही. शिंगावर आकडा घालायचा तर जनावराच्या तोंडाशी बसावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं. अप्पा आकडा घालून झाला तरी उठत नसत. घरी आले की हात धुवायच्या आधी आजचं जनावर सांगायचे. कंधारी गाय कशी विटेसारखी लाल असते, आणि हाडं वर आली की तिचा लाल कसा बदलतो. देवणी जातीतले काही बैल पांढऱ्या अंगाचे, वर काळे ठिपके विखुरलेले. त्यांना आमच्याकडे शेवरा म्हणतात. "दोन शेवऱ्यांचे ठिपके येकसारखे नसतात, पोरी. देवानंबी मार्का घातलाय, पर साचा न वापरता." असं बोलायचे आणि हे आपण काही मोठं बोललो असं त्यांना वाटायचंही नाही.

एका संध्याकाळी ते काही न बोलता आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी छावणीला गेले नाहीत. अव्वांना म्हणाले, "चार पोती उसव. मोठं कापड पायजे." अव्वांनी त्या दिवशी शिव्या दिल्या नाहीत. मी एवढंच ऐकलं की एक शेवरा बैल मेला. मालक बाईमाणूस, लांब तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलेली, तिला निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ते चित्र त्यांनी महिनाभर केलं. आधी पूर्ण बैल काढला, इतका हुबेहूब की माझा धाकटा दीर त्याला गवत दाखवून आला. मग अप्पा चुन्यानं एकेक गोष्ट पुसत गेले. शिंगं गेली, पाय गेले, पाठीची रेघ गेली. राहिले ते पांढऱ्या चुन्यावर काळे ठिपके, जिथल्या तिथं, बैलाएवढ्याच आकारात. बैल गेला आणि त्याचा मार्का राहिला. मी पुस्तकातली सगळी चित्रं बघितली होती, पण असं काही त्यात नव्हतं. मी तसं म्हटलं तर अप्पांनी कानाच्या पाळीला हात लावला. "त्याच्याशी बरोबरी करू नगं," म्हणाले. पण खूष झाले होते.

ते कापड गुंडाळून माडीवर पडलं, आणि पावसानं पुन्हा आपलं खातं उघडलं. दुकान चालू झालं, मला मुलं झाली, थोरले सासरे वारले आणि कारभार माझ्या यजमानांनी नोकरी सोडून हातात घेतला.

मग लातूर जिल्हा झाला. त्या वेळचा उत्साह आजच्या पोरांना सांगून कळायचा नाही. तोवर साध्या दाखल्यालाही उस्मानाबादच्या खेपा घालाव्या लागत. गावात पेढे वाटले, गुलाल उधळला. अव्वांनीसुद्धा दारात रांगोळी काढली, आणि कुणाचं लग्न आहे विचारलं तर "जिल्ह्याचं" म्हणाल्या. नव्या कचेरीच्या भिंती मोकळ्या होत्या. स्थानिक चित्रकारांनी चित्रं द्यावीत, निवडक टांगू, असं जाहीर झालं. अप्पांनी ते वर्तमानपत्र अर्धा दिवस हातातून सोडलं नाही. संध्याकाळी माडीवर जाऊन ते कापड काढलं, झटकलं. सुताराकडून चौकट करून घेतली.

आम्ही दोघं ते हातगाड्यावर घालून घेऊन गेलो. निवड करायला चार-पाच प्रतिष्ठित मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. इतरांनी किल्ले आणले होते, उगवते सूर्य आणले होते, नांगर धरलेला हसरा शेतकरी तर तिघांनी आणला होता. आमचं कापड उभं केलं तसे सगळे खुर्चीत पुढे सरकले.

"हे काय, शाई सांडलीय का?" एकानं विचारलं.

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी टोपी हातात घेतली होती आणि तिची घडी करत होते.

तेवढ्यात मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ उठले, जवळ आले, मागे गेले, आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. "अहो, नकाशा आहे हा! आपल्या जिल्ह्याचा. हे बघा, वरचं ते अहमदपूर, हे कडेचं उदगीर, खालचा मोठा ठिपका निलंगा."

"आन् हे औसा," दुसरे म्हणाले. "बरोबर बसलंय. मॉडर्न पद्धतीनं केलंय." सगळे उठून आपापला तालुका शोधायला लागले. एकाला आपला तालुका लहान काढला असं वाटलं, त्यानं तक्रार नोंदवली.

"नकाशाच ना?" त्यांनी अप्पांना विचारलं.

नाही म्हटलं तर कापड परत हातगाड्यावर. अप्पांनी टोपी डोक्यावर घातली. "मुलूख आपलाच हाय," एवढंच म्हणाले.

चित्र टांगलं गेलं. खालच्या लांब व्हरांड्यात, जिथून सगळी जा-ये. अव्वांनी घरी शिरा केला. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "टांगलं, पर नकाशा म्हून," ते मला हळू म्हणाले. त्यांच्या मुसव्विराचं चित्र निदान चित्र म्हणून तरी काढून टाकलं होतं. मी समजूत घालायला काहीबाही बोलले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मला त्या प्रतिष्ठितांचा असा राग आला होता की त्यांच्यातले एक आमच्याकडे तूर घालायला आले तेव्हा मी त्यांना चहा दिला नाही.

तरी अप्पा काही ना काही निमित्त काढून कचेरीत जात राहिले. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे आणि लोक बघायचे. कधी मीही जायची, माझी कामंही तिकडे असत. लोक चित्रावरून नजर फिरवून पुढे जायचे. एखादा थांबलाच तर आपलं गाव शोधायचा.

त्या दिवशी मी अप्पांशेजारीच होते. सातबाऱ्याच्या कामाला आलेली एक म्हातारी व्हरांड्यातून चालली होती, हातात पिशवी, पायांना धूळ. ती चित्रासमोरून गेली, दोन पावलं मागे आली आणि उभी राहिली. पिशवी खाली ठेवली. मग पुढे होऊन तिनं मधल्या मोठ्या ठिपक्यावर तळहात ठेवला आणि वरून खाली फिरवला, जसा जनावराच्या अंगावरून फिरवतात.

शिपाई ओरडला, "ए मावशी, नकाशाला हात लावू नगं!"

"नकाशा कशाचा रं बाबा," ती म्हणाली, हात न काढता. "ह्यो माझा शेवरा हाय. ह्यो बघ खांद्यावरचा, ह्यो वशिंडाखालचा. छावनीत मेला माझा."

शिपाई माझ्याकडे बघू लागला. अप्पा बाकावरून उठले होते. ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"मी होतो माय छावनीत," ते म्हणाले. "शिंगावर आकडे घालायला."

चित्र मी काढलं, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. तिनंही विचारलं नाही. तिनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. तिच्या मनात दुसरंच काही होतं, आणि ते इतकी वर्षं कुणाला विचारता आलं नव्हतं.

"मी तळ्यावर व्हते ओ दादा. मला कुनी सांगितलं न्हाई. शेवटाला पानी पेला का त्यो?"

"पेला की माय," अप्पा लगेच म्हणाले. "बादली म्होरं धरली, मान खाली घातली, आन् पोटभर पेला. मग निजला."

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले, चित्राला की अप्पांना, ते मला कळलं नाही. मग पिशवी उचलून आपल्या सातबाऱ्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

आम्ही चालतच घरी निघालो. अप्पांनी सायकल हातात धरली होती. मला वाटलं, आता ते खूष असतील. आपल्या भिंतीवर तसवीर चढली, आपलंच माणूस तिच्यासमोर थांबलं, आणि त्यानं सवाल केला. मी तसं म्हटलंही. बाजार ओलांडला, आमची गल्ली आली. दाराशी त्यांनी सायकल भिंतीला लावली.

"न्हाई पेला गं," ते म्हणाले. "तोंडाला पानी लई लावलं. बोटानं ओठ उघडून घातलं. न्हाई पेला."

आणि आत जाऊन अव्वांना म्हणाले, चहा टाक.